कोल्हापूर शनि-रवि : डबा न्यायचा की पोट रिकामं न्यायचं?

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅट नंबर.)

बी-४०२: मंडळी, गाडी ठरली. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, शनिवारी पहाटे ५ ला गेटवर. मोठे १०, मुलं ३. आता खाण्याचं बोला. सध्याची यादी अशी: निघताना पोळी-भाजी, साताऱ्याला वडापाव, पोचल्यावर मिसळ, दुपारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी भेळ, रात्री पुन्हा मटण.

सी-७०१: दादा, ही यादी वाचून कोल्हापूरच्या माणसालाबी धाप लागंल. पोळी-भाजी आणि वडापाव आधी खोडा. मिसळीच्या कटाला, म्हणजे तिखट रश्श्याला, वर तेलाचा थर असतोय, तो रिकाम्या पोटालाच झेपतो. वडापाववर कट ओतला की दुपारचं जेवण गेलंच म्हणून समजा. आणि दुपारचं जेवण घालवायला २३० किलोमीटर कोण जातं?

ए-१०३: अगदी उपाशी मात्र नेऊ नका. मुलं आहेत, दोघांना सकाळच्या गोळ्या आहेत. माणशी एक दशमी, अर्धं केळं, बास. मी दशम्या करते. १३ माणसं म्हणजे १८ धरते, पाच जास्तीच्या.

बी-२०४: काकू, दशमी म्हणजे दुधात भिजवलेली पोळीच ना? मी केल्या की दुपारपर्यंत वातड होतात.

ए-१०३: तीन ठिकाणी चुकतं. अर्धा किलो कणकेला साधारण पावणेतीनशे मिली दूध लागतं, तापवून पूर्ण गार केलेलं. त्यात पाण्याचा थेंब नको. दोन मोठे चमचे तेलाचं मोहन आणि मीठ. दुधातल्या स्निग्धामुळे कणकेला चिवटपणा येत नाही, म्हणून दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. अर्धं दूध, अर्धं पाणी केलंत की ती साधी पोळीच.

दुसरं, कणीक भिजवून ठेवू नका. अर्ध्या तासात लाटायला घ्या, उन्हाळ्यात आंबूस वास येतो. तिसरं म्हणजे भाजणं. मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंनी तूप सोडून, लालसर ठिपके येईपर्यंतच. मंद आचेवर जास्त वेळ ठेवली की आतला ओलावा उडतो आणि चामडं होतं.

आणि गरम दशमी फॉइलमध्ये गुंडाळू नका हो! वाफ आतच पाणी होऊन बसते. खालच्या दोन चिकट होतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांनाच आधी वास येतो. जाळीवर किंवा सुती पंचावर एकेक सुटी गार करायची, मग पंचातच गुंडाळून डब्यात.

बी-२०४: तोंडी लावायला?

ए-१०३: शेंगदाण्याची कोरडी चटणी. लसूण घालणार असाल तर आधी तेलात कुरकुरीत तळून घ्या, कच्च्या लसणाने चटणी ओलसर होते. ओल्या नारळाची चटणी, दहीभात, बटाट्याची भाजी यातलं काहीही बंद गाडीत नको. परतीसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या करून देते. अर्धा किलो कणीक, दोन चमचे बेसन, दोन चमचे रवा, चार चमचे कडकडीत मोहन, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ. घट्ट भिजवायच्या. दोन दिवस आरामात राहतात. मेथी घातली तर चव छान, पण पाल्यात पाणी असतं, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. या फेरीला मेथी नको.

ए-५०२: रस्त्याचं सांगतो. टोलनाके चार: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते आदल्या रात्री बघा. सातारा ते कागल रुंदीकरणाच्या कामांमुळे जागोजागी वळणरस्ते, त्यामुळे साडेचार नाही, पाच-सव्वापाच तास धरा. खंबाटकी चढण्याआधी मुलांना दूध पाजू नका. आलेपाकाची वडी नाहीतर नुसतं लिंबू हुंगायला. उलटी होणाऱ्याला मागच्या सीटवर बसवायचं नाही.

सी-७०१: म्हणजे सव्वादहाला कोल्हापूर. मिसळीला अगदी बरोबर. उद्यमनगरात फडतरे, नाहीतर कसबा बावड्यात बावडा मिसळ. दोन्हीकडं दुपारी उशिरा गेलं तर संपलेलीच असते, म्हणून हॉटेलवर बॅगा टाकायच्या भानगडीत पडू नका, थेट मिसळ.

मागवायची रीत सांगतो. तिथं पाव नाही, स्लाइस ब्रेड मिळतो, "पाव नाही का" म्हणून वाद घालू नका. पुण्याहून जाणाऱ्यांनी कट वेगळा मागून घ्यायचा. आधी मटकी, शेव-चिवडा, कांदा, लिंबू एवढंच खाऊन बघायचं आणि कट चमच्या-चमच्यानं वाढवायचा. सगळा एकदम ओतला की चिवडा दोन मिनिटांत लगदा होतो आणि ताटलीत नुसतं तिखट पाणी उरतं. कट पुन्हा मिळतो, मटकी पुन्हा मिळतेच असं नाही. ब्रेड कटात बुडवून ठेवायचा नाही, टेकवायचा आणि उचलायचा.

बी-४०२: दुपारचं जेवण १ ला बुक करू?

सी-७०१: नको. अडीच. मिसळ पचायला चार तास द्या. अडीचच्या पुढंही जाऊ नका, साडेतीनच्या सुमाराला बऱ्याच खानावळी आवरायला घेतात. मटण दुपारीच खायचं, रात्री नाही. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा. दुपारी ताजा असतो, रात्रीपर्यंत दोनदा-तीनदा गरम झालेला असतो. वाटीत कडेला बारीक दाणे-दाणे दिसले तर तो फुटलेला रस्सा.

ताट आलं की आधी पांढरा नुसता प्यायचा, भाकरीत कुस्करायचा नाही. मग सुकं आणि ज्वारीची भाकरी. तांबडा शेवटी भाताबरोबर. तांबड्यानं सुरुवात केली तर जिभेला पांढऱ्यातली वेलची-मिरी कळतच नाही, मग लोक म्हणतात "पांढरा सपक होता".

बी-२०४: आम्ही तिघं शाकाहारी आहोत हे लक्षात आहे ना?

सी-७०१: आहे की ताई. थेट विचारायचं, "व्हेज रस्सा वेगळ्या भांड्यातला आहे का?" काही ठिकाणी मटणाच्या अळणी पाण्यातच सगळं वाढवलेलं असतं, वरून फोडी बटाट्याच्या. त्यापेक्षा तुमचं खरं जेवण रविवारी परतीच्या वाटेवर: अख्खा मसूर. इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर), पेठ नाका पट्ट्यात ढाब्यांवर मिळतो. मसूर अख्खा राहिला पाहिजे पण बोटानं दाबला की मऊ, आणि रस भाकरीला चिकटेल इतका दाट. डाळीसारखा पातळ आला तर त्यात मसूर नंतर घातलाय.

ए-१०३: मग रात्री?

सी-७०१: रात्री जेवण नाहीच काकू. साडेसहाला खासबागेत राजाभाऊंची भेळ. शाहू महाराजांचं कुस्तीचं मैदान तिथंच आहे, बाहेरून तरी बघून घ्या. मग रंकाळ्यावर पाय मोकळे करायचे आणि नऊच्या सुमाराला गंगावेशीत दूध कट्टा. म्हशीची धार समोर काढून फेसासकट ग्लासात.

बी-२०४: न तापवलेलं?

सी-७०१: न तापवलेलंच. तालमीतल्या पैलवानांचा खुराक आहे तो.

बी-२०४: तालमीतले रोज पितात, आपली मुलं पिशवीतलं पाश्चराइज्ड. कच्च्या दुधातून पोटाचे आजार होतात, ब्रुसेलोसिससारखा जनावरांकडून येणारा ताप होऊ शकतो, धार समोर काढली म्हणून जंतू कमी होत नाहीत. मुलांना, ७० च्या पुढच्यांना आणि सी-३०२ च्या वहिनींना (सातवा महिना) अजिबात नको. बाकीच्यांनी आपापलं ठरवा. मुलांना कढईतलं आटीव दूध घेऊ.

सी-७०१: मान्य. शिवाय तांबडा खाऊन सहा तास झाल्याशिवाय मोठ्यांनीही नको.

ए-५०२: अंबाबाईचं दर्शन रविवारी पहाटे उरका. नऊनंतरची रविवारची रांग मुलांना झेपणार नाही. तिथून निघून खरेदी. मसाला आणि गूळ मला आणायचाय, कसा बघून घ्यायचा?

सी-७०१: काका, कांदा-लसूण मसाला डंकावर (कुटायच्या यंत्रावर) कुटलेला घ्या. चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्यानं दाबा. तेलाचा डाग पडला पाहिजे पण गोळा होता कामा नये. गोळा झाला तर कांदा नीट तळलेला नाही, आत पाणी आहे, महिन्याभरात बुरशी. रंग बेडगी मिरचीचा, ठसका संकेश्वरीचा. नुसता लालभडक आणि वास फक्त तिखटाचा असेल तर धणे, तीळ, खोबरं कमी घातलंय. घरी आणून काचेच्या बरणीत दाबून भरा, मध्ये खडा हिंगाचे दोन-तीन तुकडे, वर मिठाचा पातळ थर. ओला चमचा घातला की बरणी गेली.

ए-१०३: आणि बी-५०१ ची मुलगी पुढच्या आठवड्यात दुबईला परत जातेय ना? तिच्यासाठी घेणार असाल तर त्यात खसखस नाही हे विचारून घ्या. तिकडे खसखशीवर बंदी आहे, विमानतळावर पकडलं तर निस्तरता निस्तरत नाही. मोघम "नसेल" म्हणाला दुकानदार तर घेऊच नका.

बी-५०१: बापरे, बरं झालं सांगितलंत काकू. तिच्यासाठी चप्पलच घेते.

सी-७०१: गूळ: लखलखीत पिवळ्यावर भुलायचं नाही. तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस (रंग उजळवायची रासायनिक पूड) घालून आणलेला असतो. तपकिरी, थोडा मऊ, तुकडा तोंडात टाकल्यावर खारट लागत नाही असा घ्या. मोठी ढेप नको, एक किलोच्या भेल्या घ्या. ढेप फोडली की उरलेल्याला पावसाळ्यात पाणी सुटतं. कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात.

बी-४०२: एक विचारायचं राहिलं. रविवारी निघताना पांढरा रस्सा पार्सल आणून रात्री इथे गरम केला तर? क्लब हाऊस रिकामंच आहे.

सी-७०१: नाही, नाही, नाही. गरम रस्सा, प्लास्टिकची पिशवी, नारळाचं दूध आणि साडेपाच तास गाडीत. साताऱ्यापर्यंतच आंबेल. सुकं मटणसुद्धा नको. पुढच्या शनिवारी गच्चीवर करू, मीच करतो. १० जणांचं माप लिहून ठेवा.

मटण २ किलो, हाडांसकट. आलं-लसूण वाटण, दोन कांदे, मीठ आणि ३ लिटर पाणी घालून शिजवायचं. हळद नाही! चिमूटभरसुद्धा नाही, रस्सा पिवळा पडतो. पाणी गाळून घ्यायचं, दीड लिटर पांढऱ्याला, उरलेलं तांबड्याला.

खसखस ४ मोठे चमचे कोमट पाण्यात दोन तास भिजवून, पांढरे तीळ ४ चमचे, काजू २०. गंधासारखं वाटायचं आणि गाळायचं, नाहीतर जिभेला रवाळ लागतं. दोन नारळांचं दूध काढायचं, पहिलं दाट वेगळं, दुसरं पातळ वेगळं.

तुपात तमालपत्र, दालचिनी, ६ लवंगा, ६ वेलच्या, १५-२० मिरे. वाटण घालून दोन मिनिटं परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. मटणाचं पाणी घालून दहा मिनिटं खळखळ उकळा. इथून पुढं उकळी बंद. गॅस अगदी बारीक, आधी पातळ दूध, मग दाट, एकाच दिशेनं सावकाश ढवळत. वाफ दिसायला लागली की उतरवा. झाकण ठेवलंत तर आतल्या आत उकळी फुटते आणि रस्सा फाटतो. लिंबू जवळपासही आणू नका. उशिरा येणाऱ्यासाठी परत गरम करायचा तर पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवून.

बी-४०२: मग रविवारी रात्री काय जेवायचं?

ए-१०३: मऊ भात आणि मेतकूट. दोन दिवस एवढं तिखट झाल्यावर दुसरं काही पोटाला रुचत नाही. एक वाटी आंबेमोहोर, चार वाट्या पाणी, मीठ, कुकरला चार शिट्ट्या आणि मग बारीक गॅसवर पाच मिनिटं. डावाने घोटायचा, तूप, दोन चमचे मेतकूट, पोह्याचा पापड. निघायच्या आधी तांदूळ वाटीने मोजून कुकरशेजारी झाकून ठेवा, आल्यावर धुवा. भिजत घालून जाऊ नका, दोन दिवसांत आंबून फसफसेल. ताक हवं असेल तर दूधवाल्याला रविवारी संध्याकाळचं दही सांगून ठेवा. मेतकूट ज्यांच्याकडे नाही त्यांनी शुक्रवारी वाटी पाठवा.

ए-५०२: रविवारी अडीचला गाडी हलली पाहिजे. पाचनंतर साताऱ्याच्या पुढे सगळं पुणं परतीला लागलेलं असतं, खेड शिवापूरला तासभर सहज जातो. पुऱ्यांचा डबा वर कॅरिअरवर बांधू नका, हाताशी ठेवा, त्याची गरज तिथेच पडेल.

बी-४०२: ठरलं. यादी बदलली, वडापाव खोडला, रात्रीचं मटण खोडलं. परतीला कऱ्हाडात चहाबरोबर एक वडापाव चालेल ना?

सी-७०१: अख्खा मसूर खाऊन तासाभरात?

बी-४०२: अर्धा.

ए-१०३: अर्धा मला ठेवा.