सातचा भोंगा लावायचा ठरतोय, पण नुसत्या भोंग्यानं पोरं घडतात का?

विट्याकडचा
सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. मोहित्यांचे वडगावनं 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात ते साडेआठ भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच धर्तीवर आमची ग्रामपंचायत ठराव करतेय. जोडीला समाजमंदिरात पाचवी ते आठवीच्या 30 मुलांची अभ्यासिका, दोन पदवीधर स्वयंसेवक.

बैठकीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, वातावरण बदललं की पोर आपोआप बदलतं. दुसऱ्याचं म्हणणं, दहावी झाली की चुलत्याच्या गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) दुकानात धाडायचं हे घरात आधीच ठरलेलं असतं, तिथं भोंगा काय करणार? जाणकारांनी सांगावं, नेमकं काय केल्यानं फरक पडतो आणि कुठं फसतं. प्रेरणेची भाषणं नकोत.

फळा_खडू
शिकवणारा मुलाकडून काय अपेक्षा ठेवतो, ती बाजू आधी घेतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांनी 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: ही मुलं यंदा झपाट्यानं पुढं जातील. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कसलाही निकष न लावता निवडलेली होती, साधारण पाचातलं एक मूल. वर्षाअखेर त्या मुलांची वाढ इतरांपेक्षा जास्त दिसली, पण मुख्यतः पहिली-दुसरीत. वरच्या वर्गांत फारसं काही हाती लागलं नाही. पुढं रॉडनबुश यांनी 1984 मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. ज्या शिक्षकांची मुलांशी दोन आठवड्यांहून जास्त ओळख होती, त्यांच्यावर अशा बनावट माहितीचा परिणाम जवळजवळ झालाच नव्हता.

तुमच्या कामाचं यातलं हेच. पहिले दोन आठवडे स्वयंसेवकांच्या हातात गेल्या वर्षीचे गुण देऊ नका. ‘तो ढ आहे’, ‘तिच्या घरातलं कुणी शिकलेलं नाही’ ही ओळखही कुणी करून द्यायची नाही, सरपंचांनीसुद्धा नाही. मूल काय वाचतं, कोणतं गणित सोडवतं एवढंच त्यांनी स्वतः बघून लिहावं.

आता अपेक्षा मुलापर्यंत पोचते कशी? ‘तू करू शकतोस’ म्हणून नाही. कोणाला प्रश्न विचारला जातो, उत्तरासाठी किती थांबलं जातं, चुकल्यावर पुन्हा संधी मिळते का, अवघड काम कोणाकडं जातं, यातून पोचते. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, ‘येत नाही’ म्हणणं कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. कच्चं समजल्या जाणाऱ्या मुलासाठी तर त्याहून कमी थांबलं जात होतं. म्हणून एका डब्यात तीसही नावांच्या चिठ्ठ्या ठेवा. आधी प्रश्न, मग मनात एक-दोन-तीन, मग चिठ्ठी. नाव आधी काढलं तर बाकीचे एकोणतीस जण विचार करायचं सोडतात. उत्तर चुकलं तर दुसऱ्याकडून बरोबर उत्तर घ्यावं, पण दोन मिनिटांनी पहिल्याकडं परत यायचंच. हा परतीचा फेरा बहुतेक ठिकाणी गळतो.

अवाच्या सवा आशाही ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ ली जसिम यांनी या विषयावरचं संशोधन तपासून दाखवलंय की शिक्षकांचे अंदाज बरेचदा मुलाच्या खऱ्या कामगिरीवरच बेतलेले असतात, नुसत्या अपेक्षेचा परिणाम सरासरीनं लहानच. लहान असला तरी फुकट मिळणारा आहे, तो सोडू नये.

कृष्णाकाठ
भोंग्याचं सांगते. वेळ सातचीच ठेवा, साडेसहावर आणू नका. धारा काढून डेअरीला दूध घालून यायला बऱ्याच घरांत पावणेसात होतात, त्याआधी वाजलेला भोंगा कुणी मनावर घेत नाही. मळ्यातल्या वस्तीवर गावठाणातला आवाज पोचत नसेल तर तिथल्या मंदिरावर दुसरा बसवा, नाहीतर वस्तीवरची पोरं योजनेतून आपसूक बाहेर पडतात. शाळेचा गृहपाठ मोबाइलवर येतो, तेव्हा तो पावणेसातपर्यंत वहीत उतरवून घ्यायचा. ही एक पळवाट राहिली तरी ‘अभ्यासासाठीच घेतलाय’ म्हणत फोन परत हातात येतो.

आणि मोठ्यांचा टीव्ही बंद नसेल तर हे चालत नाही. आतल्या खोलीत मालिका आणि बाहेर पोराला पुस्तक, यातून पोरगं एवढंच शिकतं की नियम लहानांसाठी असतात. वडगावात पहिल्या दिवसापासून सगळे तयार नव्हते, घरोघर फिरून समजावणारी माणसं लागली. अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त गुरुजी यांच्यात गल्ल्या वाटून घ्या. दंड लावू नका. दंड लावला की घरं दार लावून टीव्ही बघतात.

अभ्यासिकेत इन्व्हर्टर, पिण्याचं पाणी आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह पहिल्या दिवशीच हवं. मुलींच्या गळतीचं कारण बहुधा अभ्यासात नसतं, साडेआठच्या अंधारात असतं. गल्लीवार गट करून एक मोठं माणूस सोबत देता आलं तरच सुरू करा.

देशी_माणदेशी
दुसऱ्या तटाचं म्हणणं उडवून लावू नका. खानापूर-आटपाडीकडच्या पोराला गलाईचं दुकान दिसतं, कारण ते खरंच आहे. चुलता केरळात, मामा तमिळनाडूत, राहायची सोय, शिकवणारा माणूस, सणाला गावी येणारी गाडी, सगळं डोळ्यांसमोर. याउलट ‘इंजिनिअर हो’ म्हटल्यावर अकरावीला कुठं राहायचं, फी किती, कुणाला विचारायचं, यातलं काहीच दिसत नाही. पोराची इच्छा कमी नसते, वाट दिसत नाही. गलाई वाईट म्हणून बोलू नका, निम्मी सभा दुखावेल आणि ते खरंही नाही.

वाट दाखवायची तर कागदावर दाखवा. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा: उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी किंवा अनुदानित, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. हे चार वर्षांचे 48,000 बापाला बोटावर मोजून दाखवले की चर्चा बदलते. कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात 1924 साली सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह काढलं आणि पुढं ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. राहणं, जेवण आणि काम यांची व्यवस्था आधी लावली, त्यामुळं खेड्यातल्या पोराला शिक्षण आपल्या आवाक्यातलं वाटलं.

मुलींसाठी बंगालमधल्या बीरभूमचा अभ्यास बघा, 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, 495 गावांचा. जिथं सरपंचपद दोन निवडणुका महिलांसाठी राखीव होतं, तिथं मुला-मुलींच्या आकांक्षांमधलं अंतर किशोरवयीनांत 32 टक्क्यांनी कमी झालं आणि शिक्षणातलं अंतर मिटलं. तेव्हा एक दिवसाचा सत्कार नको. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरनं 2016 ला रिओमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, तिचं चित्र लावाच. पण जवळच्या गावातली कृषी सहायक, परिचारिका, बँकेतली ताई महिन्यातून एकदा तासभर येऊन बसली, तर पोरी ‘तुम्ही फॉर्म कुठं भरला’ असले प्रश्न विचारतात.

विट्याकडचा
फार उपयोगी, आभार. एक अडचण. पाचवीतली काही मुलं परिच्छेदही वाचत नाहीत. गट करावेच लागतील, पण मग ‘कच्चा गट’ हा शिक्का बसणार. आणि बक्षिसं ठेवावीत का?

फळा_खडू
गट इयत्तेवर नको, वाचनावर करा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेका मुलाचं वाचन तपासायला पाच मिनिटं पुरतात. गट फक्त 40 मिनिटांचा, बाकी वेळ सगळे मिसळून. गटांना अ-ब-क म्हणू नका, झाडांची नावं द्या. दर तीन आठवड्यांनी शनिवारी पुन्हा तपासून मुलं हलवा. शिक्का बसतो तो गटामुळं कमी आणि गट कधीच न बदलल्यामुळं जास्त. सहा आठवड्यांत एकही मूल हललं नाही तर चूक शिकवण्यात शोधा. चांगला स्वयंसेवक अक्षरगटाला द्यायचा, सगळीकडं उलटं होतं.

बक्षीस ठेवा किंवा नका ठेवू, पण जाहीर केलंत तर ठरल्या तारखेला द्याच. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात संशोधक सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी 28 लहान मुलांना आधी चांगलं चित्रकलेचं साहित्य आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्यांना आणून दिलं, निम्म्यांना नाही. नंतर ‘थांबलास तर दुसरी मिठाई’ म्हटल्यावर पहिली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, दुसरी 3. शब्द मोडणाऱ्या माणसांसमोर वाट न बघणं हाही शहाणपणाच असतो. 26 जानेवारीला बक्षीस म्हणून वह्या द्यायच्या असतील, तर त्यांचे पैसे हातात असतील तरच घोषणा करा.

कृष्णाकाठ
एक राहिलं. उसाची तोड सुरू होण्याआधी वाचनाची पहिली तपासणी उरका. हंगामात मोठी माणसं शेतात अडकतात आणि धाकट्यांना सांभाळायला मोठ्या पोरी घरी राहतात. त्या चार महिन्यांत धाकट्या भावंडाला सोबत आणायची मुभा ठेवा, कोपऱ्यात एक सतरंजी आणि चित्रांची पुस्तकं पुरतील.