जर्मनीत एमएस: पोहोचल्यावर आधी काय, मग काय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकहून मेकॅनिकल झालं आहे, या विंटर सेमिस्टरला माग्देबुर्गला एमएससाठी जातोय. व्हिसा मिळाला, श्पेअरकोंटोत, म्हणजे व्हिसासाठीच्या गोठवलेल्या खात्यात, 11,904 युरो भरले. 24 सप्टेंबरला पोहोचेन, पण वसतिगृहाची खोली 1 नोव्हेंबरपासून. मधले पाच आठवडे पर्यटकांना देतात तशी खोली बघतोय. नोंदणी कुठल्या पत्त्यावर करायची? व्हिसासाठी काढलेला प्रवास विमाच पुढे चालवता येईल का? सोबत पैसे किती ठेवू? आणि तिथे एटीकेटीसारखं काही असतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

पाणचक्की

ती खोली बुक करायच्या आधी थांबा. तिथली सगळी कामं पत्त्याच्या एका कागदावर अडतात.

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' लागतं. नुसता भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. पर्यटकांना खोल्या देणारे बरेच मालक ही सही देत नाहीत, आणि मग नोव्हेंबरपर्यंत तुम्ही लटकता. म्हणून 'त्स्विशेनमीटं' शोधा: सुट्टीला किंवा इंटर्नशिपला गेलेला विद्यार्थी आपली खोली महिना-दोन महिने देतो ती. मूळ भाडेकरू स्वतः सही करू शकतो. आगाऊ पैसे पाठवण्याआधी 'आनमेल्डुंग होईल का' हे लेखी विचारून घ्या.

ब्युर्गरब्युरोची, म्हणजे ही नोंदणी करणाऱ्या नागरी कार्यालयाची, वेळ भारतातूनच ऑनलाइन घ्या. 14 दिवसांच्या आतली मिळाली नाही तर मिळेल ती सर्वांत लवकरची घ्या आणि तिचा ईमेल जपून ठेवा. पासपोर्ट, व्हिसा आणि तो सहीचा कागद न्या. नोंदणीचा दाखला सहसा तिथेच हातात देतात. 1 नोव्हेंबरला घर बदललं की पुन्हा 14 दिवसांत हेच सगळं.

आणि टपालपेटीवर स्वतःचं आडनाव लावा, पहिल्याच दिवशी. 11 आकडी कर क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत पाठवतो.

सायली_नोट्स

विम्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

प्रवास विमा फक्त प्रवेशनिश्चितीपर्यंतचा. इमाट्रिकुलेशनसाठी, म्हणजे त्या प्रवेशनिश्चितीसाठी, आरोग्य विमा कंपनीकडून विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक निरोप जावा लागतो. तुम्ही कागद नेऊन दिलात तरी उपयोग नाही. वय 30 च्या आत असेल तर सरकारी विमा विद्यार्थी दरात मिळतो, साधारण दीडशे युरो महिना. खासगी पॉलिसी याच्या पाव दरात दिसते आणि मोह होतो. पण खासगी घ्यायची तर सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, आणि ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. त्यात स्वस्त पॉलिसीत जुने आजार, बाळंतपण, दातांचे मोठे उपचार सहसा वगळलेले असतात, आणि निवास परवान्याच्या वेळी परदेशी नागरिक कार्यालय ती अपुरी ठरवू शकतं. तेव्हा सरकारी विम्याचं दार बंद झालेलं असतं. तिशीच्या आत असाल तर सरकारीच घ्या, यात मला तरी दुसरं मत नाही.

ताळेबंद

श्पेअरकोंटोतून महिन्याला 992 युरो सुटतात, पण ते तुमच्या तिथल्या चालू खात्यात, म्हणजे गिरोकोंटोत. काही बँका ते खाते उघडायला नोंदणीचा दाखला मागतात. म्हणजे पत्ता, मग खातं, मग पैसे. यात तीन-चार आठवडे सहज जातात. तेवढ्या काळाचा खर्च, पहिलं भाडं आणि अनामत हे सगळं फॉरेक्स कार्डवर वेगळं ठेवा. 2,000 युरो असले तर ओढाताण होत नाही. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटं'इतकी, म्हणजे हीटिंग-पाणी सोडून जे मूळ भाडं त्याच्या तिप्पट, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं: महिना 18.36 युरो. ते माणशी नाही, घरटी असतं. एकत्र घरात कुणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा. पत्र फेकून देऊ नका, थकबाकी वाढत जाते.

निवास परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्याआधी गेलाच पाहिजे. तसा गेला की निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो. त्या काळासाठी मिळणाऱ्या कागदावर जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 परिच्छेद 4 वर खूण आहे का ते बघा. परिच्छेद 3 वर असेल तर भारतात येऊन त्याच कागदावर परत जाता येत नाही.

सायली_नोट्स

एटीकेटीचं राहिलं. तसं काही नाही. गुण उलटे: 1.0 सर्वोत्तम, 4.0 पास, 5.0 नापास. बहुतेक अभ्यासक्रमांत एका पेपरला तीनच संधी. तिसरीही हुकली आणि विषय सक्तीचा असेल तर तो अभ्यासक्रमच संपतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे घेणंही सहसा बंद होतं. नेमका आकडा तुमच्या 'प्रुफुंग्सऑर्डनुंग'मध्ये, म्हणजे परीक्षा नियमावलीत, असतो, ती पहिल्या आठवड्यात वाचा.

आपल्याकडची मुलं अडकतात ती दुसऱ्याच जागी. विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची तारीख वेगळी, विलंब शुल्क भरून नंतर करता येईल अशी सोय धरून चालू नका. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घ्या. न घेता गैरहजर राहिलात तर 5.0 लागतो. आजारी पडलात तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं प्रमाणपत्र परीक्षा कार्यालयात लगेच द्यावं लागतं.

गोदाकाठ

खूप आभार. त्स्विशेनमीटं शोधायला लागलो. एक शेवटचं: आई साजूक तूप, पेढे आणि छोटा कुकर देतेय. चालेल?

पाणचक्की

तूप आणि पेढे नाही. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत, त्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी खुशाल न्या. कुकर स्टीलचा, सपाट तळाचा घ्या, शेगडी काचेची असते. इंडक्शन असली तर ॲल्युमिनियमचा तापतच नाही. गास्केट दोन जास्तीच्या ठेवा.