गधेगळ की गधेगाळ?

रविवारी घोडबंदर रोडच्या आतल्या एका गावात देवळामागे एक दगड बघितला, कमरेएवढा उंच, वर चंद्र-सूर्य, मधे चार-पाच ओळी असाव्यात पण शेंदराचे एवढे थर चढलेत की एक अक्षर लागत नाही, आणि खाली चक्क गाढव आणि बाई. एक आजी तेल वाहत होत्या, म्हणाल्या देव हाय आमचा, हात नको लावू. मित्र म्हणाला हा गधेगळ. घरी येऊन शोधलं तर कुठे गधेगळ, कुठे गधेगाळ, कुठे गद्धेगाळ. बरोबर काय?

— सगळी रूपं चालतात पण मी गाळवाला, का ते सांगतो. वीरगळमधला गळ कानडीतून आलाय, कल्लु म्हणजे दगड, त्याचं वीरगल्लु आणि आपल्याकडे वीरगळ, लढाईत पडलेल्याचा दगड. त्याच चालीवर लोक गधेगळ म्हणतात, दगडच आहे म्हटल्यावर ते सहज पटतंही. पण गाळ म्हणजे शिवी, आणि हा शब्द आपण आजही वापरतो, शिवीगाळ! बाजारहाट किंवा कागदपत्रसारखी एकाच अर्थाची जोडी आहे ती. आणि दगडावर असतं तेही शिवीच. राजाने जमीन किंवा उत्पन्न दान दिलं, ते कुणी मोडलं तर त्याच्या आईवरून गाढवाची शिवी. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्य राजाचा परळचा लेख, शके 1108 म्हणजे इ.स. 1186-87चा, आधी संस्कृतात आहे, पण शाप द्यायची वेळ आली की सरळ मराठीत येतो, 'अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी', म्हणजे जो कुणी हे शासन मोडेल... पुढचं इथे लिहीत नाही, खालचं चित्र तेच सांगतं. मला हे फार मोलाचं वाटतं, साडेआठशे वर्षांपूर्वी ज्याला धाक घालायचा त्याला कळेल अशी भाषा वापरली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी गाढव कोरलं. वरचे चंद्र-सूर्य म्हणजे आचंद्रार्क, ते आहेत तोवर हे दान टिकावं.

— चंद्र-सूर्यावरून आठवलं, बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुदुर्रू नावाचे दगड असायचे, आपल्या शिलाहारांच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचे. त्यावरही जमिनीचं दान, वर चंद्रकोर, सूर्य, शुक्राची चांदणी, आणि दगड हलवणाऱ्याला देवांचे शाप. शेजारच्या एलामच्या राजाने त्यातले कितीतरी लुटून आपल्या सुसा शहरात नेले, आज पॅरिसला लूव्हर संग्रहालयात बघायला मिळतात. शाप काही आडवे आले नाहीत. आणि गंमत बघा, कुदुर्रू शब्दाचा अर्थ हद्द.

— म्हणजे त्यांनी नाव हद्दीवरून ठेवलं आणि आपण शिवीवरून! पटलं, गाळच लिहीन. अजून एक, वीरगळ तो का ती? आणि आपल्या जवळपास बघायला कुठे?

— दोन्ही ऐकू येतं, अनेकवचन करायचं झालं की वीरगळी सोपं जातं म्हणून मी ती म्हणते. बोरिवलीला एकसरला जा दादा, एकेका वीरगळीवर वल्ह्यांची जहाजं एकमेकांवर चालून येताना कोरलीत, वर अप्सरा पडलेल्या वीरांना स्वर्गात नेतायत. इ.स. 1265च्या सुमाराला देवगिरीच्या यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराला समुद्रावर हरवलं, ती हीच लढाई असं मानतात. ठाण्याचं राज्य त्या दिवशी बुडालं, त्यामुळे तिथे उभं राहिलं की मला अजून भरून येतं.

आणि त्या घोडबंदरच्या दगडाचा शेंदूर खरवडू नका हं. सकाळी ऊन तिरपं असताना जा, खाचांमध्ये सावली पडते आणि थराखालची अक्षरंसुद्धा कधीकधी लागतात. फोटो मात्र आजींना विचारूनच.