मदत हवी आहे: जुन्या बुलेटला साइडकार, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) 15 की 16 दातांचं?

कास्ट आयर्न इंजिनची 350 सीसी, चार गिअर, डावीकडे साइडकार. सध्या गिअरबॉक्सवर 17 दात, मागे 38, म्हणजे रेशो (मागचे दात भागिले पुढचे; जास्त तेवढी ओढ जास्त) 2.235. सपाटीला ठीक, पण दोन माणसं बसवून कसारा घाट चढताना तिसरा ओढत नाही आणि दुसऱ्यात इंजिन नुसतं ओरडतं. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना तर क्लच तापून घसरतो. प्लेटा नव्या आहेत, केबलला फ्री प्ले आहे, त्यामुळे दोष गिअरिंगचाच.

मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमसकट एकसंध, म्हणून बदल पुढेच करायचा. 16 ने रेशो 2.375, फरक जेमतेम 6 टक्के. 15 ने 2.533, म्हणजे 13 टक्के. टॉपला त्याच वेगात इंजिन तेवढंच जास्त फिरेल. 60 च्या पुढे पळवायची नाही, त्यामुळे ते चालेल. माझा कल 15 कडे आहे.

अडचण चेनची. दोन दात कमी झाले की चाक साधारण 8 मिमी मागे घ्यावं लागेल आणि अॅडजस्टर आताच शेवटाला आलाय. एक कडी काढायची तर हाफ लिंक (एकेरी जोडकडी) लागते. घाटातल्या ओझ्याला ती टिकते का, की सरळ नवी चेन मोजून घ्यावी?

शिवाय प्रायमरी केस (इंजिन ते क्लच चेनवरचं झाकण), क्लच सगळं उतरवूनच स्प्रॉकेट हाती येतं, तेव्हा काम दोनदा नको. नाशिकला सातपूर-अंबडकडे इएन 8 पोलादात दात कापून इंडक्शन हार्डनिंग (दात तापवून कडक करणं) करून देणारं कुणी आहे का? नुसतं मऊ लोखंड दोन पावसाळेही काढत नाही.