टॅपेटचा आवाज गेला आणि गाडी गरम झाली की बंद पडायला लागली, घरी सेटिंग जमेल का?

चोडणकर_स्प्लेंडर

नमस्कार मंडळी. गाडी स्प्लेंडर प्लस २००९ ची, हिरो होंडा एकत्र होते तेव्हाची, आधी बाबा चालवायचे आता मी. चोडण ते पणजी रोजचं जाणं-येणं, म्हणजे मध्ये रायबंदरची फेरीबोट आलीच.

महिन्याभरापूर्वी सर्व्हिसिंगला दिली होती, गॅरेजचं नाव घेत नाही, माणसं ओळखीची आहेत. वरून टकटक आवाज येतोय तेवढा बघा म्हणून सांगितलं. संध्याकाळी आणायला गेलो तर आवाज एकदम गायब, शिलाई मशीन पण जास्त आवाज करेल अशी गाडी. मी खूश, आईला पण ऐकवलं. पण चारपाच दिवसांनी नाटकं सुरू. सकाळी थंड असताना अर्ध्या किकला चालू होते, पण फेरीधक्क्यावर पोचेपर्यंत गरम झाली की स्लो (एक्सलेटर सोडल्यावरचं चालणं) ठरतच नाही, आणि बोटीत बंद केलेली गाडी पलीकडे उतरताना काही केल्या चालू होत नाही. रॅम्प खाली पडतो, सगळ्या गाड्या भुर्र, आणि मी मधोमध किक मारतोय, मागून हॉर्न. काल एका काकांनी ढकलून वर चढवून दिली, लाज वाटली राव.

कार्बोरेटर साफ केला, प्लग नवा टाकला, काही फरक नाही. एक गोष्ट जाणवते ती म्हणजे किकला पूर्वीसारखा दाब लागत नाही, पाय सरळ खाली जातो.

टॅपेटमुळे असं होतं का? आणि घरी करता येईल का? पाने आहेत, स्पेशल टूल काही नाही. यूट्यूबवर एक जण म्हणतो पाव फेरा सोडा, दुसरा म्हणतो ब्लेड घालून बघा, डोकं चक्रावलं.

---

ग्रीसचे_हात (फोंडा)

तू जे लिहिलंयस त्यात उत्तर आहे रे. "आवाज एकदम गायब", तिथेच गडबड. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार करतं म्हणून पोरगा टॅपेट दाबून बसवतो, गिऱ्हाईक खूश, बिल पण झालं. मी बावीस वर्षं हेच काम केलं, मीही सुरुवातीला केलंय हे पाप.

रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा छोटा हात, आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, टॅपेट सेटिंग म्हणजे हीच फट. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी वाढते, सगळ्यात जास्त एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) कारण जळका गॅस तिच्यावरूनच जातो. फट नसेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतच नाही, किंचित उघडा राहतो, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं. म्हणून तुझी किक हलकी, म्हणून गरम असताना स्लो मरतो. आणि याच्याहून वाईट म्हणजे व्हॉल्व्ह आपली उष्णता सोडतो ती सीटला टेकून. टेकायलाच मिळालं नाही की कड जळते, मग हेड (व्हॉल्व्ह असतात तो इंजिनाचा भाग) उघडण्याशिवाय इलाज नाही. फट जरा जास्त असली तर काय होतं, टकटक होते, रॉकर थोडा लवकर झिजतो. म्हणून आवाज करणाऱ्या टॅपेटची मला भीती वाटत नाही, वाटते ती मुक्याची.

आता घरी कसं करायचं. रात्रभर थंड झालेलं इंजिन पाहिजे, सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी. "अर्धा तास थांबलो" चालत नाही, गोव्यात दुपारी सावलीतली गाडीसुद्धा कोमट असते. गाडी मेन स्टँडवर घे, प्लग काढ म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. डाव्या कव्हरवर दोन टोपणं आहेत, एक मधलं मोठं एक वरचं छोटं, खाचेची. स्क्रूड्रायव्हरने खाचा कुरतडल्या जातात, पाच रुपयांचं जुनं जाड नाणं असेल तर ते घाल आणि पक्कडीने फिरव, ते नाणं मी पाकिटात नाही टूलबॉक्समध्ये ठेवतो. मोठ्या भोकातून टी-पाना घालून क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) घड्याळाच्या उलट फिरवायचा. छोट्या भोकातून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतील, F आणि T. F स्पार्कची, T पिस्टन टोकाला पोचल्याची, आपल्याला T पाहिजे, ती कव्हरच्या खाचेसमोर आण.

टॅपेटच्या टोप्या दोन, १७ च्या पान्याने उघडतात. या गाडीचं सिलिंडर जवळजवळ आडवं आहे, म्हणून इनटेकची (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) टोपी वर आणि एक्झॉस्टची खाली जमिनीकडे तोंड करून. खालची उघडलीस की ऑइल टपकणार, घाबरू नको, पेपर पसरून ठेव. आत बोट घालून रॉकर हलवून बघ, दोन्ही किंचित खुळखुळले पाहिजेत.

फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, विकत घे, तो काही महाग नाही. तुझ्या मॉडेलला दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिमी, तरी गाडीच्या पुस्तकात एकदा बघून घे. साधा झेरॉक्सचा कागद ०.१० च्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या निम्मी फट. ब्लेडबिड विसर. ०.०५ ची पाती रॉकरच्या स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात सरळ घाल, किंचित अडकत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी नाही आणि ओढून काढावी लागेल अशीही नाही. नसेल तर ९ चा लॉकनट सैल कर, चौकोनी डोक्याचा छोटा स्क्रू टॅपेटच्या चावीने फिरव. आणि इथे सगळे फसतात: लॉकनट आवळताना स्क्रू पण थोडा फिरतो आणि मघाशी बरोबर असलेली फट घट्ट होते. चावी धरून ठेवायची, नट आवळायचा, परत पाती घालून बघायची. मला आजही एका व्हॉल्व्हला दोनदा तीनदा करावं लागतं.

पाव फेऱ्याचं म्हणशील तर त्या स्क्रूच्या आट्याचा पिच अर्धा मिमी धर, म्हणजे एका फेऱ्यात अर्धा मिमी, पाव फेऱ्यात सव्वाशे मायक्रॉन, पाहिजे त्याच्या अडीचपट. तूच बघ.

---

पिवळा_मडगार्ड (म्हापसा)

काका बरोबर बोलतायत. मी पायलट आहे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, म्हापसा स्टँडला, दिवसभर गाडी गरमच. माझ्या आधीच्या गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असाच गेला, मी पण आवाज नाही म्हणून सगळ्यांना फुशारकी मारत होतो, मग हळूहळू पिकअप गेला, पर्रा चढावर मागे जाडा पॅसेंजर असला की पहिल्या गिअरवर. हेड उघडलं तर व्हॉल्व्हची कड बिस्किट चावल्यासारखी. तेव्हापासून मला थोडी टकटक ऐकू आली की बरं वाटतं, पॅसेंजर विचारतो काय आवाज येतो, मी सांगतो गाडी बोलते.

एक ॲड करतो, सगळा आवाज टॅपेटचा नसतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाला लावून ऐक. टॅपेट एकसारखा टक टक टक करतो, टायमिंग चेन खरखरते, एक्सलेटर सोडताना जास्त. चेनचा आवाज टॅपेट आवळून जाणार नाही, आणि माझ्या मते तुझ्या गॅरेजवाल्याने तेच केलं असणार.

---

वाळपई_थंपर

मध्येच घुसतो, माफी. माझी क्लासिक ३५० आहे २०१६ ची, हिला पण दर सर्व्हिसला टॅपेट करायचं का? मेकॅनिक बिलात लावतो.

---

ग्रीसचे_हात (फोंडा)

तुझ्या गाडीला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरते, हाताने सेट करायचं काही नाहीच. बिलात "टॅपेट सेटिंग" लिहिलं असेल तर कुठे केलं ते दाखव म्हणावं, मजा येईल. जुनी बीडाच्या इंजिनाची बुलेट वेगळी, तिथे बाजूचं झाकण काढून पुशरॉड (रॉकरला ढकलणारी दांडी) बोटांनी फिरवून बघायचा, सहज फिरला पाहिजे पण वरखाली खेळता कामा नये, तिथे गेज लागत नाही. आणि केटीएमवाल्यांनी या धाग्यावर काही करायला जाऊ नये, तिथे स्क्रू नाही, शिम (ठरावीक जाडीच्या छोट्या चकत्या) बदलावे लागतात.

---

चोडणकर_स्प्लेंडर

आज रविवार, पहाटे सहाला बसलो. काल म्हापशाला जाऊन गेज आणि टॅपेटची चावी आणली. पण काका, अडकलोय. T बरोबर खाचेसमोर आणली, टोप्या उघडल्या, वरचा रॉकर एकदम घट्ट, खालचा पण. पाती कशातच जात नाही. दोन्हीकडे इतकं घट्ट असेल तर गाडी थंड असताना तरी कशी चालू होईल? अजून काही हलवलेलं नाही, विचारूनच पुढे जातो. आणि ऑइल पेपरवर नाही, नेमकं माझ्या हाफ पँटवर.

---

ग्रीसचे_हात (फोंडा)

थांबलास ते फार बरं केलंस. तू चुकीच्या फेऱ्यात आहेस. चार स्ट्रोकची गाडी, T खूण दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशन संपताना आणि एकदा एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होताना. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात, म्हणून दोन्ही रॉकर घट्ट. या जागी कोणी सेटिंग केलं तर झालंच कल्याण. क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरव, परत T वर आण. खूण ओलांडून पुढे गेलास तर थोडंसं मागे आणून जुळवू नको, अजून दोन फेरे पुढेच घे, मागे फिरवलं की टायमिंग चेन ढिल्या बाजूला जाते.

समजत नसेल तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेव. अंगठ्याला हवेचा धक्का देत देत जो T येतो तो आपला.

---

चोडणकर_स्प्लेंडर

झालं!! अंगठ्याची आयडिया भारी, फुस्स करून उडवलाच.

आता वरचा रॉकर थोडा हलतो, ०.०५ ची पाती गेली पण ओढून काढावी लागली. खालचा एक्झॉस्टचा मात्र हलतच नाही, पातीचं टोकसुद्धा आत जात नाही. म्हणजे शून्य. महिनाभर मी असाच फिरतोय. लॉकनट सोडला, स्क्रू इतकासा फिरवला, केसभर, पाती सरकायला लागली, नट आवळला, परत घट्ट. परत सोडला. चारदा केलं, पाचव्यांदा बसलं. एकदा पाती दुमडली पण, ०.०५ ची पाती म्हणजे चॉकलेटचा कागदच. दोन्ही झाल्यावर क्रँक दोन फेरे फिरवून परत मोजलं, तेवढंच.

गाडी चालू केली, टकटक आहे, पूर्वीपेक्षा कमी. चोडणच्या धक्क्यापर्यंत जाऊन आलो, गरम असताना बंद करून चालू केली, पहिल्या किकला. किकला दाब पण थोडा आलाय, पूर्वीइतका वाटत नाही. म्हणजे व्हॉल्व्ह जळला का काय?

---

ग्रीसचे_हात (फोंडा)

लगेच घाबरू नको, दोनतीनशे किलोमीटर चालव. सीटवर काजळी धरली असेल तर ती व्हॉल्व्ह नीट बसायला लागल्यावर बऱ्याचदा निघून जाते. मग परत थंड इंजिनावर फट मोज, एक्झॉस्टची आपोआप कमी झालेली दिसली तर मला कळव, म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली जातोय. कोणी प्लगच्या भोकातून ऑइल टाकून कॉम्प्रेशन बघायला सांगेल, पण या आडव्या इंजिनात ऑइल सगळं खालच्या कडेला जाऊन बसतं, त्यावरून काही ठरवू नको. किकचा दाब येत नसेल तरच हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घ्यायचा, आणि तेव्हा समोर उभा राहा.

टोप्यांचे ओरिंग बदललेस का? जुने चपटे झालेले असतील तर पावसात पाणी आत आणि ऑइल बाहेर. टोप्या ताकद लावून आवळू नको, ॲल्युमिनियमचे आटे आहेत, हाताने बसवून पान्याने थोडंसंच. आणि गेज ऑइलचा हात फिरवून ठेव, आपल्या खाऱ्या हवेत चवथीपर्यंत पात्या एकमेकींना चिकटून बसतील.

---

पिवळा_मडगार्ड (म्हापसा)

गेज म्हापशाला कुठल्या दुकानात मिळाला ते सांग बाबा, मी मागच्या शुक्रवारी बाजारात फिरून आलो तर सगळे ०.१० पासून सुरू होणारेच दाखवत होते.