डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट: किलोमीटर पाहावेत की वर्षे?

मुलुंडवासी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची रेनो डस्टर १.५ डिझेल आहे. गाडी मी पहिल्या मालकाकडून वापरलेली घेतली आणि मीटरवर आता सुमारे ६४,००० किलोमीटर झाले आहेत. रोजचे जाणे-येणे मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीपर्यंतचे. अंतर फार नाही, पण सकाळ-संध्याकाळ पवईच्या आसपास गाडी जागची हलत नाही, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको.

मागच्या सर्व्हिसला मेकॅनिकने टायमिंग बेल्ट बदलून घ्या असे सुचवले. पहिल्या मालकाने दिलेल्या बिलांत एका ठिकाणी ‘बेल्ट बदलला’ एवढीच नोंद आहे, त्यापुढे काही नाही. माझे एक सहकारी म्हणतात की त्यांच्या स्विफ्ट डिझेलला इतक्या वर्षांत कोणी बेल्टचे नावही काढले नाही आणि एक लाखाच्या आत हा खर्च करणे व्यर्थ आहे. गाडी उत्तम चालते, आवाज नाही, ॲव्हरेजही कमी झालेले नाही. गणपतीला सहकुटुंब कणकवलीला जायचे आहे. हे काम त्याआधी करून घ्यावे की एक लाखापर्यंत थांबावे, आणि ते कोणत्या आधारावर ठरवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कुर्ल्याचे गॅरेज

तुमच्या सहकाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो तुमच्या गाडीला लागू होत नाही. स्विफ्टच्या १.३ डिझेल इंजिनात टायमिंग चेन असते, तर डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये रबरी दातांचा बेल्ट असतो. चेन इंजिनाच्या तेलात फिरते आणि तेल वेळेवर बदलले तर बहुधा दीर्घकाळ टिकते. बेल्ट मात्र रबर, आतले काचतंतूंचे दोर आणि दातांवरचे कापडी आवरण यांचा बनलेला असतो, आणि रबर म्हटले की ते वापराने जसे झिजते तसेच नुसत्या वयानेही कडक होते. म्हणून कंपन्या किलोमीटर आणि वर्षे असे दोन्ही आकडे देतात आणि जे आधी पूर्ण होईल ते धरा असे सांगतात. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडून देतात.

बेल्टचे काम थोडक्यात असे. क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे होताना कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) बरोबर एक फेरा झाला पाहिजे, म्हणजे पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह वाटेत राहत नाहीत. तुमच्या इंजिनात हाच बेल्ट डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही फिरवतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त असल्याने पिस्टन आणि हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) यांच्यामध्ये फारच थोडी जागा उरते. बेल्ट तुटला किंवा त्याचे काही दात गेले की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र वेगातच वर येतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो. मग हेड उतरवून मशीन शॉपला पाठवावे लागते आणि जो खर्च बेल्टच्या किटवर भागला असता, तो त्याच्या कितीतरी पटींनी वाढतो.

गाडी उत्तम चालते म्हणून बेल्टही उत्तम आहे, असे कृपया मानू नका. फॅन बेल्ट जुना झाला की चिरचिरतो, आपल्याला सावध करतो. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा शेवटच्या क्षणापर्यंत निमूट काम करतो.

तुमची गाडी दहा वर्षांहून जुनी आहे आणि बेल्ट बदलल्याचा पुरावा नाही. माझ्या मते यात थांबण्यासारखे काहीच नाही. कोकणात जाण्याआधी काम करून घ्या.

ठाणेकर

एक शंका विचारतो. वर्षांचा मुद्दा पटतो, पण ६४,००० म्हणजे रनिंग कमीच झाले की. गॅरेजमध्ये वेळापत्रकाच्या बऱ्याच आधी पार्ट बदलायला लावतात, हा अनुभव अनेकांना आलेला आहे. वरचे कव्हर उघडून बेल्ट पाहावा आणि तडे दिसले तरच बदलावा, हे अधिक योग्य नाही का?

कुर्ल्याचे गॅरेज

शंका रास्त आहे. विनाकारण पार्ट बदलायला लावणारे आमच्या धंद्यात आहेत, हे मला मान्य आहे. तरीही मुंबईत किलोमीटरचा आकडा फसवा ठरतो. तो कसा, ते हिशोबानेच पाहू.

पवई, सायन किंवा घोडबंदर रोडच्या वाहतुकीत सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर धरला, तर ६४,००० किलोमीटरसाठी इंजिन साधारण ३,५५० तास चालले. हेच तास महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने झाले असते, तर मीटरवर दोन लाखांहून अधिक आकडा दिसला असता. सिग्नलला गाडी उभी असतानाही इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत असते, म्हणजे तासाला ४८,००० फेरे, आणि मीटर मात्र एका मीटरनेही पुढे सरकत नाही. त्यात बोनेटखालची कोंडलेली उष्णता. त्यामुळे शहरात चालणाऱ्या गाडीचा बेल्ट मी कंपनीच्या किलोमीटरची वाट न पाहता वर्षांवर बदलायला सांगतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मिलन सबवे, हिंदमाता, अंधेरी सबवे अशा ठिकाणी गाडी अर्ध्या चाकापेक्षा जास्त पाण्यातून गेली असेल, तर बेल्टच्या कव्हरच्या फटींतून गढूळ पाणी आणि बारीक रेती आत जाऊ शकते. रेती दातांमध्ये घासते आणि पाण्याने टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगचे ग्रीस खराब होते. पाहणीत कितीदा तरी बेल्ट बरा दिसतो आणि टेन्शनर बोटाने फिरवला की खरखर लागते.

आता पाहून ठरवण्याविषयी. वरचे कव्हर काढल्यावर बेल्टची पाठ आणि थोडेसे दात दिसतात. तडे, चकाकी, कडेला सुटलेले धागे किंवा तेलाचा ओलावा दिसला तर निर्णय तिथेच होतो. कॅमशाफ्ट किंवा क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलमधून गळणारे तेल रबर फुगवते, त्यामुळे आधी गळती थांबवावी लागते आणि तो बेल्ट टाकून द्यावा लागतो. पण काही दिसले नाही, तर बेल्ट चांगला आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. अलीकडच्या बेल्टवर पूर्वीसारखे ठळक तडे पडत नाहीत आणि आतले दोर कमकुवत झालेले बाहेरून कळत नाहीत.

आणखी एक विचार घाटाचा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की इंजिन तत्काळ बंद पडते, स्टीअरिंग जड होते आणि व्हॅक्यूमची मदत संपल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. मागच्या सीटवर मुले आणि म्हातारी माणसे असताना उतारावर हे घडू नये, एवढ्यासाठी मी इतके आग्रहाने लिहितो आहे. तसे कधी झालेच, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरत असेल तर बेल्ट गेल्याची दाट शक्यता असते, आणि प्रत्येक फेऱ्यात नुकसान वाढू शकते. गाडी सरळ टोइंगवर न्यावी.

स्पेअरपार्ट, ऑपेरा हाउस

बिलातल्या ‘बेल्ट बदलला’ या नोंदीबद्दल सांगतो. इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा वेगळा बेल्ट असतो आणि तो बदलला तरी बिलावर हेच दोन शब्द येतात. पार्ट नंबर, टेन्शनर किंवा मजुरीचे तास यांपैकी काहीच लिहिलेले नसेल, तर तो बाहेरचाच बेल्ट समजावा.

घेताना सुटा बेल्ट घेऊ नका, पूर्ण किट घ्या. त्यात बेल्टबरोबर टेन्शनर येतो, वॉटर पंपासहितचेही किट मिळते. तुमच्या गाडीत पंप याच बेल्टवर असल्याने तो आत्ता वाचवला आणि वर्षभराने गळू लागला, तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागेल. गेट्स, कॉन्टिटेक, डायको यांचे किट बाजारात मिळतात, पण नकली मालही तितकाच फिरतो. बेल्टच्या पाठीवरची छपाई नखाने घासून पाहा, पार्ट नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा आणि पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

मुलुंडवासी

सर्वांचे मनापासून आभार. काम काल पूर्ण झाले. मी स्वतः उभा होतो म्हणून लिहितो. वरून पाहिलेला भाग स्वच्छ दिसत होता, पण बेल्ट उतरवून उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी केसासारख्या आडव्या रेषा स्पष्ट दिसल्या. वॉटर पंपाखाली कूलंट सुकून पांढरट पापुद्रा धरला होता. त्या भागात ओल नव्हती, म्हणजे थोडे थोडे झिरपून वाळत असावे. बिलातला बेल्ट बाहेरचाच निघाला. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत: काम बरोबर झाले हे मला कसे कळेल, आणि पुढचा बदल कधी करावा?

कुर्ल्याचे गॅरेज

बसवताना क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट लॉक करण्याच्या पिना वापरल्या का, हे विचारा. केवळ पांढऱ्या रंगाच्या खुणा करून बेल्ट चढवण्याची पद्धत या इंजिनाला चालत नाही. टेन्शन दिल्यावर क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पिना पुन्हा सहज बसतात की नाही, ते पाहायचे असते. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घातला का आणि तो टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळला का, हेही विचारून घ्या. पंप बदलला असल्याने पहिले काही दिवस सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहत चला. कोकणात निघण्यापूर्वी आठवडाभर गाडी शहरातच चालवा.

पुढच्या बदलासाठी कंपनीच्या पुस्तिकेतली वर्षांची मर्यादा धरा आणि तुमचा रस्ता पाहता ती ओलांडू देऊ नका. आजची तारीख, मीटरचा आकडा आणि किटचा पार्ट नंबर एका स्टिकरवर लिहून बोनेटखाली कव्हरवर चिकटवा आणि बिलाची प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. गाडी पुढे कोणाला विकली, तर त्या माणसाला तुमच्यासारखे विचारत बसावे लागणार नाही.