मुलांनी उपवासकाळात सोडलेला खाऊ: तुमच्या घरचे अनुभव सांगा

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लागली की आमच्या वसईत मुलं एकमेकांना विचारतात, "यंदा काय सोडलंस?" चर्चचा नियम पाहिला तर मांसवर्ज्य 14 वर्षं पूर्ण झाल्यावर आणि उपवास 18 नंतर. लहानग्यांवर कसलंच बंधन नाही. तरी ती आपणहून काहीतरी सोडतात, म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, सोडली आहेत. आजोळ आगाशीचं, आजीने पाठवलेला पुडा फडताळात तसाच आहे. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, त्या दिवशी खाल्लंस तरी चालेल, असं मी सांगून पाहिलं. म्हणाली, "मग सोमवारी परत सोडावं लागेल ना, ते जास्त कठीण."
तुमच्या मुलांचं काय? तुमच्या लहानपणचं आठवत असेल तर तेही लिहा.

विरार
मुलाने भुजिंग, म्हणजे आमच्याकडचं चिकन-पोहे, सोडलं. चुलतभावाच्या वाढदिवसाला नेमकं तेच. काका, मामा, आत्या सगळे मागे लागले, "एक घास खा रे, देव काय रागावणार आहे का!" प्रेमानेच म्हणत होते, पण नऊ वर्षांच्या पोराला दहा मोठ्या माणसांना नाही म्हणावं लागलं, याचं मला वाईट वाटलं. तो उठून माझ्या सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसला. त्या पूर्ण उपवासकाळ मांस खात नाहीत, त्यांना कोणी आग्रह करत नाही. दोघांनी मिळून वरणभात खाल्ला. मुलांच्या शब्दालाही तेवढाच मान द्या, एवढंच म्हणणं आहे.

मडगाव
आमच्याकडे चवरीस-पाव, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजचा पाव. शुक्रवारी मांस नसतंच, पण धाकटीने सगळेच वार सोडला. गुड फ्रायडेला पेज नि खारातली कैरी, ती मात्र आवडीने जेवते.

अहिल्यानगर
थोडं वेगळं लिहिते. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे. लहानपणी काय सोडायचं ते पप्पा ठरवायचे: गोड बंद. मी पाळायचे, पण मनात नुसता राग असायचा, प्रार्थनेतही लक्ष नसायचं. पुढे पाचवीत आईने विचारलं, "तुला काय द्यावंसं वाटतं?" मी शाळेबाहेरच्या चिंचेच्या गोळ्या म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे मी येशूला देतेय. माझ्या मुलांना मी काहीच सुचवत नाही. एखाद्या वर्षी त्यांनी काही सोडलं नाही, तरी चालतं.

न्यू जर्सी
इथे चर्चमधून मुलांना पुठ्ठ्याची छोटी पेटी मिळते, राइस बोल म्हणतात. 1975 साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला दुष्काळग्रस्तांसाठी हा उपक्रम सुरू झाला. मुलीने आइस्क्रीम सोडलं आणि त्याचे पैसे त्यात टाकते. पैसे कुणाच्या जेवणाला जाणार हे कळल्यापासून तिची कुरकुर थांबली. नुसतं सोडण्यापेक्षा हे मला जास्त पटतं. तिथे वसईतही घरी अशी एखादी पेटी ठेवता येईल.

मीरा रोड
2025 मध्ये रमजान आणि आपला उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाले. माझ्या मुलाने चॉकलेट सोडलेलं, शेजारच्या मित्राने दुपारपर्यंतचा रोजा धरलेला. दोघं जिन्यात बसून एकमेकांना धीर द्यायचे. इफ्तारीला बोलावणं आलं तेव्हा त्या भाभींनी याच्यासाठी चॉकलेट नसलेलं सरबत वेगळं काढून ठेवलं होतं, न सांगता.

नालासोपारा
एक विचारायचं होतं. माझी सहा वर्षांची मुलगी दूध सोडते म्हणतेय, तिला ते सगळ्यांत आवडतं. काय करावं?

वसई (धागा सुरू करणारी)
ताई, दूध नको सोडू देऊ, वाढतं वय आहे. आमच्याकडेही एकदा हाच प्रश्न आला होता. फादर म्हणाले, अंगाला लागणारं सोडायचं नाही, जिभेला लागणारं सोडायचं. दुधात ती साखर किंवा चॉकलेटची पूड घालते का? ती सोड म्हणावं. आणि शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाच्या प्रार्थनेला, तिला सोबत न्या, लहान मुलांना ते चौदा थांबे फार आवडतात.